पहिली सुई स्वतःला

नालासोपारा-विरारहून लोकलला लटकून परळच्या इस्पितळांत जाणाऱ्या कष्टकऱ्याने हाफकिन संस्थेचे नाव ऐकलेले असते. पण हे हाफकिन कोण, हे किती जणांना माहीत आहे?

वाल्डेमार हाफकिन १८६० साली ओडेसात ज्यू कुटुंबात जन्मले. जन्मावरून माणसाला हीन लेखण्याचा रोग तिथेही होताच. धर्म बदलला असता तर विद्यापीठात पद मिळाले असते. त्यांनी ते नाकारले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सहायक ग्रंथपालाची नोकरी धरली. तिथेच त्यांनी आतड्यांच्या भयंकर रोगावर, कॉलऱ्यावर लस शोधली. १८ जुलै १८९२ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

१८९३ साली ते भारतात आले. कलकत्त्याच्या गरीब वस्त्यांत जबरदस्ती न करता लस दिली. एकाच घरात लस घेतलेले आणि न घेतलेले, यांत कोण आजारी पडले याची काटेकोर नोंद ठेवली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्लेगची लसही प्रथम स्वतःला टोचली. नंतर भायखळा तुरुंगातील राजी झालेल्या कैद्यांना. कैद्याला खरोखर नकार देता येतो काय, हा प्रश्न मात्र उरतोच. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

१९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे लसीनंतर १९ जण धनुर्वाताने दगावले. साऱ्या दोषाचे खापर हाफकिन यांच्यावर फुटले. बाटली तिथे उघडताना दूषित झाली होती, हे मान्य होऊन १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ साली तिला त्यांचे नाव दिले गेले. १९३० मध्ये लोझानला त्यांचे निधन झाले.

आज संशोधकाने आधी स्वतःला सुई टोचून घेणे ही रीत उरलेली नाही. त्या जागी कायदा आहे. २०१९ च्या नियमांनुसार औषध डोळ्याचे असो की आतड्याचे, चाचणीपूर्वी रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देणे आणि चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाई देणे बंधनकारक आहे. नकार दिला म्हणून नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. तेव्हा बांधवांनो, अंगठा उठवण्यापूर्वी कागद वाचून घ्या. संशोधन हवेच, पण आपला देह विचारल्याशिवाय कुणाची प्रयोगशाळा होता कामा नये.