फ्लोरेन्स नाइटिंगेल: दिवा, गटार आणि मृत्यूंचा हिशेब

नर्सिंग कॉलेजांत नव्या बॅचची मुलं-मुली हातात दिवा घेऊन शपथ घेतात. कुठं पणती असते, कुठं मेणबत्ती. समोर फोटो असतो फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा. चित्रांत त्यांच्या हातात बहुतेक वेळा अल्लाउद्दीनसारखा दिवा दाखवतात. प्रत्यक्षात तो तुर्कस्तानातला घडीचा कंदील होता, दाबला की चपटा होणारा. ही चूक किरकोळ आहे. पण त्या दिव्याच्या उजेडात बाईंच्या आयुष्यातली मोठी गोष्ट अंधारात राहिली, ते किरकोळ नाही.

१२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात त्यांचा जन्म झाला, म्हणून नाव फ्लोरेन्स. घर गडगंज श्रीमंत. आकडेमोडीची गोडी लहानपणापासूनच. पंचविसाव्या वर्षी त्यांनी घरी सांगितलं की आपल्याला सॉल्झबरीच्या इस्पितळात काम शिकायचं आहे, आणि घरात रडारड झाली. त्या काळच्या इंग्लंडात इस्पितळातली नर्स म्हणजे दारू पिणारी, अडाणी बाई अशीच समजूत होती. चांगल्या घरची मुलगी तिथं जाणार म्हटल्यावर आईची झोप उडाली. फ्लोरेन्सबाईंनी चांगलं स्थळही नाकारलं. शेवटी १८५१ मध्ये जर्मनीतल्या काइझर्सवर्थ इथं त्यांना तीन महिने शिकायला मिळालं. १८५३ मध्ये लंडनच्या एका छोट्या रुग्णालयाचा कारभार हाती आला, तोही बिनपगारी. खर्चाला वडील वर्षाला ५०० पौंड देत.

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरलं. ३८ परिचारिका घेऊन त्या नोव्हेंबर १८५४ मध्ये इस्तंबूलसमोरच्या स्कुतारी इथल्या लष्करी इस्पितळात पोचल्या. बराकीचंच इस्पितळ केलेलं. जखमी जमिनीवर पडलेले, कपडे उवांनी भरलेले, ना भांडी, ना साबण. बाईंनी स्वयंपाकघर उभं केलं, धुलाईची सोय केली, शर्ट मागवले. रात्री कंदील घेऊन मैलोन्मैल खाटांमधून फिरल्या. गोष्ट इथंच संपवायची सगळ्यांना सवय आहे.

पण माणसं मरतच राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेणाऱ्या शंभर जणांमागे सुमारे ४२ मृत्यू झाले. मार्चमध्ये सरकारने पाठवलेलं स्वच्छता पथक आलं. इमारतीखालची तुंबलेली गटारं त्यांनी उपसली, भिंतींना चुना दिला, मेलेली जनावरं हलवली. पिण्याचं पाणी येणाऱ्या मार्गात घोड्याचं मढं सापडलं. जूनपर्यंत हे प्रमाण शंभरामागे दोनच्या आसपास आलं.

१८५६ मध्ये बाई परतल्या तेव्हा देशभर त्यांचा जयजयकार होता. सत्कार टाळून त्या गुपचूप घरी गेल्या. सैनिक उपासमार आणि थंडीने आधीच खंगून येत होते म्हणून मेले, असं त्यांना वाटत होतं. विल्यम फार या आकडेतज्ज्ञाबरोबर हिशेब मांडला तेव्हा वेगळंच दिसलं: गर्दी, कोंदट हवा आणि घाण यांनी इस्पितळातच माणसं मेली होती. ज्या वॉर्डांत आपण रात्री जागलो, तिथंच. हे त्यांना किती लागलं, यावर अभ्यासकांत वाद आहे. एवढं खरं की त्यांनी ते आकडे झाकले नाहीत. रंगीत वर्तुळाकार तक्ते काढून त्यांनी ते मंत्र्यांपुढे ठेवले. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना फेलो केलं. हा मान मिळालेली ती पहिलीच स्त्री.

याच सुमारास त्या अंथरुणाला खिळल्या. युद्धात लागलेल्या तापाने पुढं वर्षानुवर्षं पाठ सोडली नाही. शुश्रूषेवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक १८५९ च्या अखेरीचं, म्हणजे ते लिहिलं खुद्द एका आजारी बाईने. त्यातली तत्त्वं वाचताना हे जाणवतं. रुग्णाला अंगावर शिण येईल असं काही करू नये. पहिल्या झोपेतून उठवू नये. खोलीच्या दाराशी कुजबुजू नये, कारण रुग्णाचा सगळा जीव त्या कुजबुजीकडं लागतो. बोलायचं तर समोर बसून बोलावं, त्याला मान वळवायला लावू नये. खाटेला टेकू नये. न खाल्लेलं ताट उशाशी तसंच ठेवू नये. खिडकी उघडी हवी, पण अंगाला गारठा नको. पहाटे पाय हात लावून पाहावेत, गार पडले असतील तर शेक द्यावा. दिवसातून अनेकदा हात धुवावेत. रात्र बरी गेली का, असं विचारण्यापेक्षा किती तास झोप लागली ते विचारावं. पाठीला जखमा झाल्या तर तो बहुतेक वेळा आजाराचा नव्हे, शुश्रूषेचा दोष. आणि ड्यूटी संपवून आपण घरी गेल्यावरही आपलं काम कोण, कसं करील याची व्यवस्था आधी लावावी. यातलं एकही काम महागडं नाही. आपल्याकडं पेशंटला भेटायला दहा-दहा जण जातात आणि जो तो सल्ला देतो. बाईंनी त्या सल्ल्यांवर एक अख्खं प्रकरण लिहिलंय.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची शाळा सुरू झाली. स्वभाव मात्र हट्टी, हुकमी. रोग जंतूंमुळं होतो हे मानायलाही त्यांनी बराच काळ घेतला.

हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. पण इथल्या गोऱ्या फौजेत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होतात हे सरकारी चौकशीत निघालं, तेव्हापासून इथलं पाणी आणि गटारं हा त्यांचा विषय झाला. बराकीपासून सुरुवात करून त्या गावांपर्यंत पोचल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. १८९२ मध्ये दयाराम गिडुमल यांनी लिहिलेल्या बेहरामजी मलबारींच्या चरित्राला प्रस्तावना त्यांचीच आहे.

याच मलबारी आणि गिडुमल यांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन निघालं, रमाबाई रानडे अध्यक्ष. पुढच्या वर्षी पुण्यात. नव्वदीतल्या नाइटिंगेल लंडनमध्ये १३ ऑगस्ट १९१० रोजी गेल्या. पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला बायका पाठवायचं ठरवलं, तेव्हा रमाबाईंना घरोघरी समजूत काढावी लागली. परक्या माणसांची उष्टी-खरकटी, मलमूत्र आमच्या लेकीसुना काढणार का, हाच सवाल.