एअर ब्रेकचे जनक जॉर्ज वेस्टिंगहाउस

रेल्वेगाडी असो वा अवजड ट्रक, चाके फिरण्यापूर्वी चालकाने हवेचा दाब दाखवणारा काटा पाहणे आवश्यक असते. या दक्षतेमागील तत्त्व अमेरिकी संशोधक जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी घालून दिले.

त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सेंट्रल ब्रिज येथे झाला. वडिलांच्या शेती अवजारांच्या कारखान्यात त्यांनी यंत्रविद्येचे धडे गिरवले. अमेरिकी यादवी युद्धात त्यांनी लष्करात व नौदलात सेवा बजावली.

त्या काळी मालगाडी थांबवण्यासाठी कामगार डब्यांच्या टपावरून धावत आणि प्रत्येक डब्याचा ब्रेक हाताने आवळत. त्यात अनेकांनी प्राण गमावले. १८६९ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, वेस्टिंगहाउस यांनी दाबाखालील हवेवर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट मिळवले. मात्र त्यात एक उणीव होती. हवेची नळी तुटल्यास ब्रेकच निकामी होत असे.

१८७२ मध्ये त्यांनी ही रचना उलटी केली. प्रत्येक डब्याला स्वतंत्र हवेची टाकी आणि विशेष झडप बसवली. मुख्य नळीतील दाब कायम असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहत; दाब घटताच ते आपोआप लागत. त्यामुळे नळी तुटली तरी गाडी थांबू लागली. १८९३ च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य रेल्वेगाड्यांना इंजिनातून नियंत्रित होणारे ब्रेक बंधनकारक केले.

विजेच्या प्रत्यावर्ती प्रवाहाच्या प्रसारातही त्यांचा मोठा वाटा होता. १९०७ च्या आर्थिक संकटात आपल्या वीज कंपनीवरील नियंत्रण त्यांना गमवावे लागले. १२ मार्च १९१४ रोजी त्यांचे निधन झाले.

भारतीय रेल्वेच्या एअर ब्रेक असलेल्या गाड्यांत मुख्य नळीतील दाब साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम राखला जातो. ट्रकचा पायाने दाबायचा ब्रेक मात्र हवेच्या दाबानेच लागतो. दाब फार घटल्यास मागील चाकांचे स्प्रिंग ब्रेक आवळले जातात. म्हणूनच काटा निर्धारित खुणेपर्यंत पोहोचल्याशिवाय वाहन हलवू नये, टाक्यांत साचलेले पाणी नियमित काढावे आणि धोक्याचा बझर वाजताच वाहन सुरक्षित जागी थांबवावे. दाब घटला की थांबायचे, हाच वेस्टिंगहाउस यांच्या संशोधनाचा गाभा आहे.