मुलासाठी लिहिलेले भौतिकशास्त्र

गतीचे नियम तोंडपाठ आहेत, पण गणित सुटत नाही, ही तक्रार अकरावीच्या वर्गात दरवर्षी ऐकू येते. एमिली द्यु शातलेने न्यूटनची यांत्रिकी नेटाने शिकायला घेतली तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि पदरात मुले होती. १७०६ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या या सरदारकन्येला विज्ञान अकादमीचे दार बाई म्हणून बंदच होते. पैसा होता, म्हणून तिने मोपेर्त्युई आणि पुढे क्लेरो या नामवंत गणितज्ञांची शिकवणी लावली.

१७४० मध्ये तिने आपल्या मुलासाठी भौतिकशास्त्राचे पुस्तक लिहिले. तेव्हा एक वाद पेटला होता. हलत्या वस्तूचा जोर वेगाच्या प्रमाणात वाढतो, की वेगाच्या वर्गाच्या? हॉलंडच्या ग्रॅव्हसांडने पितळी गोळे मऊ मातीत टाकून पाहिले होते. वेग दुप्पट झाला की खड्डा चौपट खोल पडे. एमिलीने वर्गाची बाजू घेतली आणि अकादमीचा सचिव मेराँ याच्याशी छापील वाद घातला.

खरे तर दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते. वेगाच्या प्रमाणात वाढतो तो संवेग, वर्गाच्या प्रमाणात वाढते ती गतिज ऊर्जा. ताशी ३० ऐवजी ६० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी तेवढ्याच जोराच्या ब्रेकने थांबायला दुप्पट वेळ घेते, पण अंतर मात्र चौपट कापते. म्हणून गणितात बल किती वेळ लागले हे दिले असेल तर संवेगाकडे वळावे, किती अंतरभर लागले हे दिले असेल तर ऊर्जेकडे. अर्धी गणिते इथेच अडतात.

पुढे तिने न्यूटनचा लॅटिन ‘प्रिन्सिपिया’ फ्रेंचमध्ये आणायला घेतला. नुसते भाषांतर नव्हे. न्यूटनने भूमितीने मांडलेले कितीतरी भाग तिने टिपणांत कलनाच्या भाषेत सोडवून दाखवले. काम चालू असतानाच बेचाळिसाव्या वर्षी तिला दिवस गेले. त्या वयातले बाळंतपण म्हणजे जिवावरचे दुखणे, हे ती जाणून होती. ती रात्री जागून लिहीत राहिली आणि हस्तलिखित राजाच्या ग्रंथालयात सुरक्षित ठेवायला पाठवले. सप्टेंबर १७४९ च्या सुरुवातीला मुलगी झाली. १० सप्टेंबरला एमिली गेली.

संपूर्ण पुस्तक छापून आले ते १७५९ मध्ये, न्यूटनच्या नियमांवरून वर्तवलेला हॅलेचा धूमकेतू परतला त्याच वर्षी. फ्रेंच वाचक ‘प्रिन्सिपिया’ आजही मुख्यतः तिच्याच भाषांतरातून वाचतात.