‘जिऑग्राफी’ हा शब्द देणारा ग्रंथपाल: इरॅटोस्थेनिस

भूगोल म्हटलं की शाळेतले नकाशे, नद्यांची नावं आणि ‘रिकाम्या जागा भरा’ आठवतात. पण हा शब्द आपण शाळेबाहेरही सर्रास वापरतो. निवडणूक आली की मतदारसंघाच्या भूगोलाची चर्चा होते. कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळतं. स्थळ आलं की समोरच्या घराण्याचा अख्खा इतिहास-भूगोल काढला जातो.

इंग्रजीत भूगोलाला ‘जिऑग्राफी’ म्हणतात. हा शब्द जगाला दिल्याचं श्रेय इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाला दिलं जातं.

कोण होता हा माणूस?

इरॅटोस्थेनिसचा जन्म इ. स. पूर्व 276 च्या सुमारास सायरीन या ग्रीक वसाहतीत झाला. हे ठिकाण आजच्या लिबियात आहे. त्याचं शिक्षण अथेन्समध्ये झालं. तो कविता करायचा, तत्त्वज्ञानावर लिहायचा आणि गणितातही रमायचा. इ. स. पूर्व 245 च्या सुमारास इजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी याने त्याला अलेक्झांड्रियाला बोलावून घेतलं. तिथे त्याच्याकडे राजपुत्राला शिकवण्याचं काम आलं आणि पुढे प्रसिद्ध ग्रंथालयाची जबाबदारीही आली.

लोकांनी त्याला ‘बीटा’ असं टोपणनाव ठेवलं होतं. बीटा हे ग्रीक वर्णमालेतलं दुसरं अक्षर. सगळ्या विषयांत हुशार, पण पहिला नंबर एकातही नाही, असा त्यातला टोमणा. मूळ संख्या शोधण्याची ‘इरॅटोस्थेनिसची चाळणी’ मात्र गणितात आजही शिकवली जाते. आर्किमिडीजसारख्या गणितज्ञाने आपला एक ग्रंथ त्यालाच उद्देशून लिहिला होता.

सावलीवरून पृथ्वी मोजली

इजिप्तच्या दक्षिणेला सायीन नावाचं गाव होतं, म्हणजे आजचं आस्वान. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी तिथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही, असं सांगितलं जाई. त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात मात्र सावली पडायची. इरॅटोस्थेनिसने तिचा कोन मोजला. तो पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे 7.2 अंश भरला.

सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण दोन्ही गावांवर समांतरच पडतात. मग सावलीत फरक का? कारण जमीन वळलेली आहे. म्हणजे दोन गावांमधलं अंतर हा पृथ्वीच्या परिघाचा पन्नासावा भाग झाला. हे अंतर 5,000 स्टेडिया धरलं जात होतं. 5,000 गुणिले 50 म्हणजे 2,50,000 स्टेडिया. पुढे भागाकार सोपा जावा म्हणून हा आकडा 2,52,000 केला गेला.

स्टेडिया या मापाची लांबी वेगवेगळी मानली जाते. त्यानुसार हे उत्तर सुमारे 39,700 ते 46,600 किलोमीटर येतं. ध्रुवांवरून मोजलेला खरा परीघ सुमारे 40,008 किलोमीटर आहे. त्याच्या गृहीतकांत चुका होत्याच. आस्वान हे अलेक्झांड्रियाच्या सरळ दक्षिणेला नाही, ते सुमारे 3 अंश पूर्वेला आहे. ते नेमकं कर्कवृत्तावरही नाही. पण पद्धत पक्की होती, म्हणून उत्तर फारसं भरकटलं नाही.

शब्द कुठून आला?

यानंतर त्याने ‘जिऑग्राफिका’ हा तीन भागांचा ग्रंथ लिहिला. ग्रीकमध्ये ‘गे’ म्हणजे पृथ्वी आणि ‘ग्राफेन’ म्हणजे लिहिणं किंवा रेखाटणं. दोन्ही अर्थ त्याला हवे होते. त्याने ज्ञात जगावर आडव्या-उभ्या रेषा मारल्या आणि त्यांच्या आधारे देश मांडले. भारताची माहिती त्याने अलेक्झांडरच्या मोहिमेच्या नोंदींतून आणि चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी राहिलेल्या मेगॅस्थेनिसच्या लिखाणातून घेतली. त्याने भारत तिरक्या चौकोनासारखा दाखवला. पश्चिमेला सिंधू आणि उत्तरेला पर्वत बरोबर होते, पण दक्षिणेचं टोक आग्नेयेकडे फार सरकलं होतं.

या ग्रंथात त्याने एक धाडसही केलं. ग्रीकांसाठी होमरची महाकाव्यं हे ज्ञानाचं भांडार होतं. कवीचं काम रंजन करण्याचं, त्याच्या काव्यातली ठिकाणं नकाशावर शोधू नयेत, असं इरॅटोस्थेनिसने मांडलं. हे अनेकांना रुचलं नाही.

टीकाकारामुळे उरलेला माणूस

म्हातारपणी त्याची दृष्टी गेली. आयुष्य वाचण्यात आणि निरीक्षणात गेलेल्या या माणसाने मग अन्नत्याग केला, असं जुन्या नोंदी सांगतात. इ. स. पूर्व 194 च्या सुमारास, वयाच्या ऐंशीच्या आसपास तो वारला.

‘जिऑग्राफिका’ पुढे नष्ट झाली. सुमारे दोनशे वर्षांनी स्ट्रॅबो या लेखकाने भूगोलावर 17 खंड लिहिले. होमरच्या बाजूने तो इरॅटोस्थेनिसशी तावातावाने भांडला आणि भांडताना त्याचे मुद्दे नोंदवत गेला. हरवलेल्या ग्रंथाची बरीचशी माहिती आज त्यामुळेच मिळते.

स्ट्रॅबोचा भर प्रदेश आणि माणसं यांच्या वर्णनावर होता. इ. स. दुसऱ्या शतकात क्लॉडियस टॉलेमीने त्याच नावाखाली हजारो ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले. तेव्हापासून या एका शब्दात वर्णन आणि मोजमाप दोन्ही नांदतात. प्राकृतिक भूगोल आणि मानवी भूगोल एकाच विषयात का, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

आपला ‘भूगोल’ हा शब्द वेगळ्या वाटेने आला. इ. स. 499 च्या सुमारास आर्यभटाच्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात भूगोल म्हणजे प्रत्यक्ष पृथ्वीचा गोल. म्हणजे ग्रीक शब्दात पृथ्वी रेखाटण्याची कृती आहे, तर आपल्या शब्दात तिचा आकार. पुढे आपण आपल्याच शब्दात ग्रीक अर्थही भरला. म्हणून मतदारसंघ गोल नसला तरी त्याला भूगोल असतो: कुठे काय आहे, किती लांब आहे आणि तिथेच का आहे. इरॅटोस्थेनिसचे प्रश्नही हेच होते.