राखी धनेश आणि ह्यूमसाहेबांची रद्दी

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला निघाले की वाटेत कापडे गाव लागते. इकडच्या बाजूची रानं दमट. घाटमाथा ओलांडून देशावर उतरले की हवा कोरडी होत जाते. हवेबरोबर धनेशही बदलतो. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या दाट रानात मलबारी राखी धनेश राहतो. त्याच्या चोचीवर शिंग नसते आणि ओरडणे खदाखदा हसल्यासारखे. देशावरच्या विरळ झाडीत, वड-पिंपळांवर मुख्यतः दिसतो तो भारतीय राखी धनेश. त्याच्या चोचीवर लहानसे टोकदार शिंग असते. तिसरी जात श्रीलंकेत आहे. जवळच्या जाती मिळून जी प्रजाती होते, ती या तिघांची एकच, ओसिसेरॉस. भारतीय उपखंडाबाहेर ती सापडत नाही.

हे नाव १८७३ मध्ये दिले अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. होय, तेच काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम.

ह्यूम यांचा जन्म १८२९ चा. १८४९ मध्ये ते सनदी नोकरीसाठी भारतात आले आणि पुढे इटाव्याचे जिल्हाधिकारी झाले. तेथे जमवलेला त्यांचा पहिला पक्षिसंग्रह १८५७ च्या धामधुमीत गेला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. एकट्याने एवढा देश पालथा घालता येणार नाही हे ओळखून त्यांनी जागोजागचे अधिकारी, वनखात्याची माणसे, हौशी शिकारी यांना कामाला लावले. पक्षी कुठे, केव्हा मिळाला, नर की मादी, हे प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षिशास्त्राचे नियतकालिक त्यांनी काढले. कशेडी घाटापलीकडच्या रत्नागिरी जिल्ह्यातले सनदी अधिकारी व्हिडाल यांची दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी १८८० मध्ये त्यातच छापून आली.

वरिष्ठांविरुद्ध स्पष्ट बोलण्यामुळे १८७९ मध्ये ह्यूम यांचे सचिवपद गेले. सिमल्याच्या घरी त्यांनी संग्रहालय उभारले होते. भारतीय पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथासाठी पाव शतकाची टिपणे साठली होती. एका हिवाळ्यात ते बाहेरगावी असताना नोकराने ती सगळी रद्दी म्हणून बाजारात विकून टाकली. ह्यूम यांचे मन या कामातून उडाले. १८८५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. देवदाराच्या पेट्यांत भरून सुमारे ७५ हजार नमुने तिकडे गेले. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. ते खरे तर पुण्यात व्हायचे होते. पटकीच्या साथीने ते मुंबईला आणले.

ह्यूम यांनी दिलेले नावही बराच काळ अडगळीत गेले. आपले राखी धनेश आणि आफ्रिकेतले लहान धनेश दिसायला सारखे, म्हणून पुढच्या अभ्यासकांनी सगळ्यांना ‘टॉकस’ या एकाच प्रजातीत घातले. सलीम अली आणि रिप्ले यांच्या प्रसिद्ध ग्रंथमालेतही तसेच आहे. मलबारी आणि श्रीलंकेचा धनेश तर कित्येक वर्षे एकच जात मानले जात. विसाव्या शतकाच्या अखेरीस ओसिसेरॉस हे नाव पुन्हा रूढ झाले. नंतर डीएनएच्या तपासणीतून दिसले, की आपल्या राखी धनेशांचे जवळचे नातलग आफ्रिकेत नसून आशियातच आहेत: कोकणात दिसणारा काळा-पांढरा कवड्या धनेश ज्या प्रजातीतला, तीच ती.

१८९४ मध्ये ह्यूम भारत सोडून गेले. इंग्लंडात ते वनस्पतींकडे वळले, १९१० मध्ये दक्षिण लंडनमध्ये वनस्पतिशास्त्राची संस्था स्थापन केली आणि १९१२ मध्ये वारले.

त्यांचा मोठा ग्रंथ झालाच नाही. पण पक्ष्यांच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठ्या टिकल्या. कोणता पक्षी दीडशे वर्षांपूर्वी कुठवर होता, हे आज सांगता येते ते अशा नोंदींमुळेच. धनेशाला घरट्यासाठी जुन्या झाडाची मोठी ढोली लागते आणि अशी झाडे कमी होत चालली आहेत. तेव्हा तुमच्या रानात धनेश दिसला तर गाव आणि तारीख वहीत लिहून ठेवा. आणि ती वही रद्दीत जाऊ देऊ नका.