शूर्पारकाचे संशोधक

आपल्याच देशाचे दुर्गम प्रदेश पाहावेत आणि त्यांचे चित्र घरी आणावे, ही हौस आज खिशातील कॅमेऱ्याने सुलभ केली आहे. ही साधने हाताशी नसताना ज्यांनी देश पायाखाली घातला आणि त्याचा विसरलेला इतिहास कागदावर उतरवून आणला, त्यांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे स्थान अग्रगण्य आहे. वसई तालुक्यावर तर त्यांचे ऋण विशेष आहे.

भगवानलालांचा जन्म १८३९ मध्ये जुनागढ येथे झाला. जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केल्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. गिरनारच्या पायथ्याशी असलेला अशोकाचा शिलालेख गावाजवळच होता. प्रिन्सेप यांचा अक्षरतक्ता हाती येताच या तरुणाने तो लेख स्वतः वाचावयास घेतला. त्याची ही ख्याती मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या कानी गेली आणि १८६० नंतर भगवानलाल मुंबईस आले.

पुढील आयुष्य प्रवासाचेच ठरले. अजिंठ्याची लेणी, नाणेघाट, जैसलमेरचे वाळवंट, ओरिसातील खंडगिरी, मथुरा, नेपाळ अशा ठिकाणी जाऊन त्यांनी लेख उतरवून घेतले. मुंबईत १८५४ मध्येच छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः छायाचित्रकार होते. परंतु झिजलेल्या खडकावरील अक्षर कोठे संपते आणि दगडाची चीर कोठे सुरू होते, याचा निर्णय डोळ्याने आणि बोटानेच करावा लागे. भगवानलालांचे सामर्थ्य या चिकाटीत होते.

१८७४ मध्ये भाऊ दाजी निवर्तले, तेव्हा ते दूर नेपाळच्या प्रवासात होते. आश्रय तुटला, तरी व्रत सुटले नाही. इंग्रजीवर त्यांचे प्रभुत्व नव्हते. नेपाळच्या लेखांवरील त्यांचे गुजराती लेखन डॉ. ब्यूलर यांनी इंग्रजीत आणले. शासकीय अधिकार वा विद्यापीठाची पदवी नसलेल्या या पंडिताला लायडन विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली.

एप्रिल १८८२ मध्ये त्यांनी सोपाऱ्यातील ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी टेकडी उकरली. आत विटांचा बौद्ध स्तूप होता. त्याच्या गर्भात दगडी पेटी, तीत तांब्याचा करंडक आणि त्याभोवती आठ मूर्ती सापडल्या. करंडकात एकात एक ठेवलेली चांदीची, दगडाची, स्फटिकाची आणि अखेर सोन्याची डबी होती. सोन्याच्या डबीत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते. यज्ञ सातकर्णीचे एक नाणेही मिळाले. हे अवशेष आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्याच वर्षी भातेला तलावाजवळ अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा त्यांच्या हाती लागला. प्राचीन वाङ्मयातील शूर्पारक हे वैभवशाली बंदर म्हणजेच हे गाव, या मताला त्यामुळे भक्कम पुरावा मिळाला. १८८८ मध्ये भगवानलालांचे मुंबईत निधन झाले.

त्यांचे काम मात्र पुरे झालेले नाही. १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. गिरनारला चौदाही शासने खडकावर उभी आहेत. सोपाऱ्याची उरलेली कोठे आहेत, हे कोणास ठाऊक नाही. आज वसई-विरार परिसरात ठिकठिकाणी इमारतींसाठी पाये खणले जात आहेत. फावड्याखाली येणारा एखादा अक्षरांकित दगड भरावात जाऊ नये, एवढी जागरूकता येथील शाळा-महाविद्यालयांना निर्माण करता येईल. वसईच्या किल्ल्यात छायाचित्रे घेण्यासाठी तरुणांची गर्दी होते. त्यांतील काहींची पावले सोपाऱ्याच्या स्तूपाकडे वळवावीत आणि ब्राह्मीची चार अक्षरे त्यांना शिकवावीत. तो दगड समोर आला तर ओळखणारे कोणी तरी तेथे असेल.