लक्ष्मणरावांच्या खाती शून्य?

अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांचे सामाजिक कार्य मोजून आणा, असे सांगितले की आमचे विद्यार्थी देणग्यांची यादी आणतात. शाळेला बाके, दवाखान्याला खाटा. दोष त्यांचा नव्हे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्यास सांगितले, आणि तोच आकडा मापदंड होऊन बसला. हे माप एकदा लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्राला लावून पाहावे.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यात झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु रंगांधत्व आड आले. मग ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून त्यांनी बेळगावास भावासह सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आली, लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तेथे कामगारांना घरे मिळाली, अस्पृश्यतेला थारा मिळाला नाही, आणि शिक्षा भोगून आलेली माणसे पहारेकरी म्हणून नेमली गेली. १९५६ साली लक्ष्मणराव निवर्तले.

आता हिशेब करू. नेहमीच्या धंद्यातून जे साधते ते कायदा समाजकार्यात धरीत नाही. केवळ स्वतःच्या कामगारांसाठी केलेलेही धरीत नाही. म्हणजे नांगर शून्य, कामगारांची घरे शून्य! कोणी म्हणेल, हे सारे त्यांनी नफ्यासाठीच केले. नफा त्यांना हवाच होता. त्यावाचून वाडी टिकली नसती. प्रश्न नफा कोणत्या मार्गाने मिळाला, हा आहे.

उलट बाजूही पाहावी. अंबरनाथच्या डोंगरातून निघालेली वालधुनी उल्हासनगर ओलांडीपर्यंत रसायनांनी व सांडपाण्याने काळवंडते. नदीत विष सोडणाऱ्या एखाद्या कारखान्याने २ टक्के चोख भरले, तर या मापाने तो लक्ष्मणरावांहून थोर ठरेल.

म्हणून विद्यार्थ्यांनी देणगीच्या पावत्यांआधी तीन गोष्टी पाहाव्यात. मालाने घेणाऱ्याचे कष्ट किती हलके केले? फाटक कोणाकोणाला उघडले, व आत आलेल्याला काय मिळाले? आणि मागच्या गटारातून काय बाहेर पडले? ह्यांची उत्तरे आकड्यांत देता येतात: शेतकऱ्याचे वाचलेले दिवस, कायम झालेले कामगार, पाण्याची तपासणी. त्यासाठी कारखान्याच्या दारापर्यंत जावे मात्र लागते.